बटणावरची टिकली

जानेवारीत दुकानात नवा लॅपटॉप घेतला. जुन्याच्या पंख्याचा आवाज एवढा वाढला होता की समोर बसलेली माणसं विचारायची, "ताई, मागं गिरणी काढलीय काय?" आठ वर्षं चालला बिचारा. त्याला हात जोडले आणि नवा आणला.

साताऱ्यात कोर्टाजवळच्या एका बोळात माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, जुन्या दस्तांचे उतारे, वकिलांच्या कैफियती, मे महिना जवळ आला की लग्नाचे बायोडाटे. उतारा करताना माझा डावा हात कागदावर असतो. लाकडी फूटपट्टी ओळीखाली धरायची आणि ओळ संपली की खाली सरकवायची. ही सवय टाइपरायटरपासूनची. परीक्षा परिषदेची मराठी चाळीसची, म्हणजे मिनिटाला चाळीस शब्दांची, परीक्षा मी गोदरेजच्या मशीनवर दिली. ती मशीनं आमच्याच जिल्ह्यात, शिरवळच्या कारखान्यात बनायची. तर डावा हात असा अडकलेला, म्हणून प्रिंट द्यायची ती उजव्या एकाच हातानं. अंगठ्यानं उजवा कंट्रोल दाबायचा आणि तर्जनीनं पी. पंचवीस वर्षांत त्याकडे मान वळवून बघावं लागलं नव्हतं.

नव्या लॅपटॉपवर उजवा कंट्रोलच नाही. त्याच्या जागी एक चकचकीत बटण आहे, त्यावर रिबिनीच्या गाठीसारखी खूण. मी अंगठा टेकवला की कागद बाहेर यायच्या ऐवजी पडद्याच्या कडेनं एक खिडकी सरकत येते आणि इंग्रजीत विचारते, आज मी तुमच्यासाठी काय करू? पहिल्या दिवशी मी पेन्सिलीनं रेघा मारत गेले. संध्याकाळी मोजल्या तर सतरा. सतरा वेळा तिनं विचारलं आणि सतरा वेळा मी म्हटलं, बाई, प्रिंट दे.

माझा भाचा हिंजवडीला नोकरीला आहे. त्याला फोन केला तर त्याला हसू आवरेना. म्हणाला, "मावशी, हे एआयचं बटण. जानेवारी २०२४ मध्ये याची घोषणा झाली तेव्हा केवढा गाजावाजा होता. विंडोजचं बटण आल्यानंतर जवळजवळ तीस वर्षांनी कीबोर्डात पहिला मोठा बदल." आतली गंमतही त्यानंच सांगितली. हे बटण दाबलं की कॉम्प्युटरला तीन बटणं एकदम दाबल्याचा निरोप जातो: विंडोज, शिफ्ट आणि एफ तेवीस. माझ्या कीबोर्डावर एफ बाराच्या पुढं काही नाही. जुन्या आयबीएम कीबोर्डांवर म्हणे चोवीसपर्यंत असायची. म्हणजे उद्याची अक्कल ज्या बटणातून येणार आहे, ते अडगळीत गेलेल्या बटणाचं सोंग घेऊन बसलंय. मला हे फार आवडलं. प्रिंट मात्र निघेना.

मी नव्याला नाक मुरडणारी बाई नाही. मशीन आपणहून शहाणपणा करायला लागलं की काय होतं, ते मी फार आधी भोगलंय, एवढंच. युनिकोड, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरांना कळणारी अक्षरांची एकच पद्धत, येण्याआधीचे आमचे मराठी फाँट म्हणजे नुसते मुखवटे होते. पडद्यावर मराठी अक्षर दिसे, पण कॉम्प्युटरच्या पोटात इंग्रजी अक्षर नाहीतर कसलंतरी चिन्ह असे. त्यामुळे कॉम्प्युटरला वाटे, ही बाई इंग्रजीच लिहितेय आणि फार वाईट लिहितेय. पानभर तांबड्या नागमोडी रेघा. त्या चालल्या असत्या, पण तो दुरुस्तीही करायचा. वाक्याचं पहिलं इंग्रजी अक्षर लहान दिसलं की आपणहून मोठं करायचा. त्याच्या लेखी ती एक छोटी मदत होती. आमच्या लेखी अक्षरच बदलायचं, कारण लहान आणि मोठ्या अक्षरामागं मराठीतली दोन वेगळी रूपं लपलेली असायची. नवीन कॉम्प्युटर आला की उदबत्ती ओवाळायच्या आधी आम्ही आपोआप दुरुस्तीच्या सगळ्या खुणा काढून टाकायचो. नव्या पोरींना दुकानात हे पहिल्या दिवशी शिकवावं लागे.

तेव्हा ऑफिस ९७ मध्ये डोळे मिचकावणारी कागदाची क्लिपही होती. तुम्ही पत्राची सुरुवात केली की ती टपकायची, पत्र लिहिताय वाटतं, मदत करू का? २००१ च्या आवृत्तीत तिला आपोआप येण्यापासून रोखलं आणि २००७ मध्ये काढूनच टाकलं. आता लोक तिची आठवण प्रेमानं काढतात. माणूस गेला की गुणच आठवतात, तसं असेल.

पण या वेळचं प्रकरण क्लिपपेक्षा हुशार आहे, हे कबूल केलंच पाहिजे. म्हणून तर मी दोन महिने नीट वापरून पाहिलं. आणि ते एका जागी थांबलेलंही नाही. पीडीएफ उघडली की वर पट्टी येते, हा दस्त मोठा दिसतोय, सारांश देऊ का? मेल लिहायला घेतला की राखाडी अक्षरांत पुढचं वाक्य तयार. निरोपांच्या अ‍ॅपमध्ये एक रंगीत कडं. नोटपॅडमध्येसुद्धा पुन्हा लिहून देण्याचं बटण आलं. मला नोटपॅड लागतं ते फक्त कुठूनतरी आलेल्या मजकुराचा रंग, आकार, फाँट सगळं धुऊन काढायला. ती माझी मोरी आहे. मोरीत कुणी सल्ला द्यायला उभं असावं असं मला वाटत नाही.

सारांशाचं सांगते. एका वकीलसाहेबांकडचा नवा ज्युनिअर मुलगा घाईत आला. अठरा पानांचं जुनं खरेदीखत स्कॅन केलेलं, त्यातला मिळकतीचा तपशील टाइप करून हवा होता. पानं चाळण्यापेक्षा त्यानं माझ्यासमोरच सारांशाचं बटण दाबलं. पंधरा सेकंदांत सुरेख परिच्छेद आला. देणार कोण, घेणार कोण, किंमत किती, सगळं ओळीत. मुलगा खूश. मी सवयीनं पट्टी घेतली आणि मूळ पानाशी ताडून पाहिलं. मूळ दस्तात क्षेत्र होतं शून्य हेक्टर चाळीस आर. सारांशात चाळीस हेक्टर. शून्य उडालं, आर उडाला आणि साधारण एकरभर रानाचं जवळजवळ शंभर एकर झालं. एवढी जमीन असती तर त्या माणसानं ती विकली कशाला असती? आणखी खाली चतुःसीमा होत्या. दस्तात पूर्वेला एक गट, पश्चिमेला दुसरा, दक्षिणेला ओढा, उत्तरेला गाडीवाट. सारांशानं लिहिलं होतं, मिळकत ओढा, रस्ता आणि शेजारच्या गटांनी वेढलेली आहे. खोटं काहीच नाही. पण बांधाच्या भांडणात याचा उपयोग शून्य, कारण भांडण नेहमी दिशेचं असतं.

मुलगा म्हणाला, "ताई, नव्वद टक्के तर बरोबर आहे ना?" हो, आहे. पण चुकलेले दहा टक्के कुठले, ते शोधायला मला अठराही पानं वाचावी लागली. मग त्या बटणानं माझा वेळ वाचवला कुठं? लहानपणी गणित सोडवलं की मास्तर विचारायचे, ताळा केला का? बेरजेचा ताळा बेरजेपेक्षा सोपा असतो, म्हणून तो करण्यात अर्थ असतो. ताळा मूळ गणिताएवढाच लांब असेल तर गणितच हातानं केलेलं बरं.

याच्या उलट एक गोष्ट सांगते, म्हणजे मी नुसती रडतेय असं वाटायला नको. पतसंस्थेची सभासदांची यादी आली होती, चारशे बारा नावं, इंग्रजीत, आडनाव पुढं. त्यांना आडनाव शेवटी हवं होतं. एक्सेलमध्ये शेजारच्या रकान्यात पहिलं नाव मी स्वतः उलटून लिहिलं, दुसरं लिहायला घेतलं, तर खाली अख्खी यादी फिकट अक्षरांत उलटून तयार. एंटर दाबलं की पक्की, एस्केप दाबलं की गायब. हे काही आजचं नाही, एक्सेलमध्ये २०१३ पासून आहे. कंट्रोल आणि ई दाबलं तरी होतं. ते ज्यांनी बनवलं त्या सुमित गुलवानींनी सांगितलेली गोष्ट अशी की, विमानात शेजारी बसलेल्या एका बाईनं एक्सेलमधल्या नावांचाच असला काहीतरी प्रश्न त्यांना विचारला आणि एवढ्या शिकलेल्या माणसाला तिथल्या तिथं उत्तर देता आलं नाही. त्या अनोळखी बाईला मी मनातल्या मनात कितीदा तरी चहा पाजलाय. नावं तिची अडली होती, तास वाचले हजारो टायपिस्टांचे.

त्या चारशे बारांत अकरा नावं चुकली होती. ज्यांच्या नावात वडिलांचं नाव नव्हतं, ती. पण चूक यादीवरून नजर फिरवताच दिसते, दोन शब्दांची ओळ तीन शब्दांच्या ओळींत लगेच खुपते. ताळा दोन मिनिटांत झाला. याला कुणी एआय म्हणत नाही, त्याचं वेगळं बटण नाही, ते कधी नमस्कार करत नाही.

फोनच्या कॅमेऱ्याचंही तेच. जुन्या टाइप केलेल्या कागदाचा फोटो काढला की त्यातला मजकूर अक्षरांत मिळतो, मराठीसुद्धा. घ आणि ध मध्ये गडबडतो, भ आणि म मध्येही, शाई पुसट असेल तर ब चा व करतो. पण कुठं अडखळणार ते मला आता ठाऊक झालंय, पट्टी बरोबर त्याच जागी थांबते. अर्धा दिवस लागायचा ते काम दीड तासात होतं. आणि माझी आई. वय ७८, चौथी शिकलेली, बोटं संधिवातानं वाकडी. कीबोर्डावरचा माइक दाबून ती मला निरोप पाठवते. मराठीत बोलून लिहायची सोय गूगलनं २०१७ मध्ये आणली, तेव्हा आमच्या घरात कुणाला तिचं अप्रूप वाटलं नव्हतं. आता रोज सकाळी आईचा निरोप येतो. ती म्हणते "आलती", तिथं कधी "आलटी" पडतं, कधी "हलती". मला कळतं. ताळा करायला मी तिची लेकच आहे.

आता त्या म्हाताऱ्या तात्यांची गोष्ट, जिच्यासाठी हे सगळं लिहायला बसले.

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. तात्या नातवाला घेऊन आले. नातू बारावीला, हातात फोन. "चुलत भावानं वाट अडवलीया, काटं टाकल्यात. ऊस तुटून पडलाय, गाडी जाईना." नातू म्हणाला, "काकू, अर्ज मी लिहून आणलाय, फक्त प्रिंट द्या." फोनमधल्या त्या मदतनिसाकडून त्यानं लिहून घेतला होता. मी वाचला. खरं सांगायचं तर मराठी माझ्यापेक्षा शुद्ध. ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक नाही. "अत्यंत गंभीर परिस्थिती", "मूलभूत हक्कांचे उल्लंघन", "आपण तातडीने लक्ष घालावे ही नम्र विनंती". गट क्रमांकाच्या जागी लिहिलं होतं, येथे गट क्रमांक लिहावा. एका कायद्याचं नाव होतं, त्याचा वाटेशी काही संबंध नव्हता. आणि तारीख कुठंच नव्हती.

मी तात्यांना विचारलं, वाट वहिवाटीची का नवी? "माझ्या आज्जाच्या येळची." कुठल्या गटातून जाते? गाडी जायची का नुसती पायवाट? शेवटी विचारलं, अडवली कधी? तात्यांनी डोकं खाजवलं. "गणपती बसायच्या आदल्या दिशी. म्या मूर्ती आणाय गेलतो, आलो तर काटं." दुकानात नव्या कॅलेंडरच्या मागं त्याच खिळ्याला गेल्या वर्षीचं असतं, मी ते कधीच काढत नाही. उलटून पाहिलं. २६ ऑगस्ट.

मी वकील नाही. पण इतकी वर्षं हेच टाइप करून काही गोष्टी बोटांत बसल्यात. वहिवाटीची वाट अडवली तर दाद मागायची ती मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली. आजचे तहसीलदार म्हणजे त्या कायद्यातले मामलेदार. आणि तिथं मुदत आहे सहा महिन्यांची, अडथळा झाला त्या दिवसापासून. म्हणजे तात्यांकडे जेमतेम पंधरा दिवस उरले होते. तो सुंदर अर्ज घेऊन ते एखाद्या टेबलावर गेले असते, पोच घेतली असती, उत्तराची वाट बघत बसले असते आणि मार्च उजाडला असता. मी प्रिंट दिली नाही. त्यांना समोरच्या जिन्यानं वर वकिलांकडे धाडलं, सोबत एका कागदावर तारीख मोठ्या आकड्यांत लिहून दिली.

रात्री विचार करत बसले. मला राग नेमका कशाचा आला होता? "पुन्हा लिहून द्या" हे बटण आत्ता आलं, पण पंचवीस वर्षं ते काम मीच करतेय की. माणूस म्हणतो, "भावानं बांध कोरला", मी लिहिते, "सामनेवाले यांनी सामाईक बांध कोरून अतिक्रमण केले आहे." त्याचे शब्द मीही बदलते, तेही दर पानाला पैसे घेऊन. मग माझ्यात आणि त्यात फरक काय? फरक एवढाच सापडला की मी लिहायच्या आधी विचारते. तेही मी काही थोर म्हणून नाही. सुरुवातीच्या वर्षांत न विचारता टाइप केलेले अर्ज परत आले, शिव्या बसल्या, कागद वाया गेले, त्यातून लागलेली खोड ती.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा त्याच सरकत येणाऱ्या खिडकीत मी मराठीत लिहिलं, एका शेतकऱ्याची वाट अडवली आहे, अर्ज लिहू नकोस, आधी काय काय विचारशील ते सांग. तिनं नऊ प्रश्न दिले. चांगले होते. अडथळा कधी झाला, हा तिसरा. एक तर मला कधी सुचला नव्हता, पर्यायी वाट आहे का म्हणून. तो मी आता विचारते. म्हणजे आत माल आहे. पण तो आपणहून बाहेर आला नाही. आधी विचार, मग लिही, हे तिला सांगावं लागलं, आणि ते सांगायचं हे मला कळलं कारण मला आधीच माहीत होतं. बारावीच्या पोरासमोर आलं ते फक्त एक बटण आणि त्याखाली तयार झालेला अर्ज.

भाचा शनिवारी आला तेव्हा त्याच्याशी यावर बरंच बोलले. तो दिवसभर हेच वापरतो, प्रोग्रॅम लिहायला. म्हणतो, आता त्याशिवाय काम सुचत नाही. मी विचारलं, चुकत नाही? "चुकतं की. पण मावशी, प्रोग्रॅम चालवला की लगेच कळतं, आणि आमच्याकडे तपासायला वेगळे प्रोग्रॅम असतात." बघ, म्हटलं, तुझा ताळा मशीन करतं. माझ्याकडे पट्टी आहे. त्यावर तो म्हणाला, पट्टीसुद्धा जाईल एक दिवस. जाईल बापडी. टाइपरायटर गेला, गोदरेजनं २००९ मध्ये बनवायचं थांबवलं, तेव्हा मी काही जीव दिला नाही.

मग त्यानं विचारलं, तुला कॉम्प्युटरकडून नक्की काय हवंय ते तरी सांग. मी कपाट उघडून दाखवलं. चाळीसएक सीड्या, जुन्या मुखवट्याच्या फाँटमधले हजारो दस्त. आज उघडले तर पानभर नुसती भुतं दिसतात. प्रत्येक कंपनीच्या फाँटची भुतं वेगळी. त्यावर उजवं क्लिक करावं आणि यादीत दिसावं, युनिकोड मराठीत कर. बदललेलं आणि मूळ शेजारी शेजारी दाखव, म्हणजे ताडून बघता येईल. असे बदलणारे छोटे प्रोग्रॅम मिळतात, मीही दोन ठेवलेत, पण एक रफार गिळतो आणि दुसरा वेलांटी भलत्या अक्षराला चिकटवतो. पडद्यावर एवढी बटणं आली, हे बटण काही आलं नाही. भाचा बराच वेळ सीड्यांकडे बघत होता. एक घेऊन गेलाय, बघतो म्हणालाय.

जायच्या आधी त्यानं ते चकचकीत बटण बदलून दिलं. आता ते दाबलं की उजव्या कंट्रोलचं काम करतं. पहिले दोन दिवस माझा अंगठा तिथं जाताना बिचकायचा, म्हणून मी त्यावर एक टिकली चिकटवली, खडा असलेली, म्हणजे न बघता लागते. गेल्या आठवड्यात तात्या आले होते, वाटेच्या दाव्याची तारीख पडलीय ते सांगायला, आणि आधार कार्डाची झेरॉक्स काढायला. प्रिंट देताना त्यांची नजर गेली.

"टिकली कशाला गं लावलीस मशीनला?"

"मधी मधी बोलायचं, तात्या. आता गप बसतंय."

तात्या हसले, झेरॉक्सचे पैसे ठेवले आणि वर वकिलांकडे गेले.